माझ्या नावावरची दुनळी

मी आजवर केलेल्या मूर्खपणांना रांगेत उभं केलं, तर सगळ्यात पुढं ही बंदूक उभी राहील. बायका नवऱ्याशी डोरल्यासाठी भांडतात, मी सासऱ्यांशी बंदुकीसाठी भांडले. भांडून जिंकले. आणि जिंकल्यावर समोर मांडलेल्या तिघींतली नेमकी तीच घेतली, जी मला खांद्याला लावून धड उचलताही येत नव्हती. का, तर तिच्या लोखंडावर दोन तित्तर पक्षी कोरलेले होते, आणि विकणारा म्हणाला होता की ही तुम्हाला पेलायची नाही.

नातवंडं विचारतात, "आजी, तुझी खरंच बंदूक होती?" मी म्हणते, होती रे, पण तिला विचारलंत तर ती सांगेल, ही बाई माझी होती.

आमची वस्ती सांगवीच्या बाहेर, उसाच्या मधोमध. नव्वदीतली सुरुवातीची वर्षं. ऊस कमरेइतका असेपर्यंत काही वाटायचं नाही. तो डोक्यावर गेला की घराच्या भिंतींबाहेर आणखी भिंती उभ्या राहायच्या. अंगणात उभं राहिलं तर वर आभाळाचा एक चौकोन, बाकी चहूकडं हिरवं, आणि त्या हिरव्यात सारखं काहीतरी सळसळायचं. रस्त्यानं कोण चाललंय ते दिसत नसे, सायकलची घंटी तेवढी ऐकू यायची. आमचे हे इंदापूरला कचेरीत कारकून. तिथंच खोली घेऊन राहायचे, लेकही शिकायला त्यांच्याकडंच, दोघं शनिवारी यायचे. घरात मी, सासूबाई आणि आबा, म्हणजे सासरे. धाकटे दीर शेजारच्या खणात, पण संध्याकाळनंतर ते कामाचे नसायचे.

त्या दिवसांत वस्त्यांवर दरोडे पडतात अशी बोलवा होती. कुणाचं काय गेलं हे कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं, पण गिरणीत दळणाला बसलेली प्रत्येक बाई त्या दरोडेखोरांची उंची सांगायची. मी ऐकायची आणि दळण डोक्यावर घेऊन उसामधल्या पायवाटेनं एकटी परत यायची. पानं दोन्ही अंगांना घासायची. घरी पोचेपर्यंत माझे दरोडेखोर माडाएवढे झालेले असायचे.

आबा पलटणीतून पेन्शनीत आलेले. त्यांच्याकडं एकनळी बंदूक होती, रानडुकरांपासून पीक राखायच्या परवान्याची. आबांनी एकही डुक्कर मारलं नाही. ते आभाळात बार काढायचे, डुकरं शेजाऱ्याच्या उसात जायची, शेजारी डबे बडवून ती परत आमच्याकडं पाठवायचा. असं वर्षानुवर्षं सुखानं चाललेलं. पुढं आबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. परवान्याच्या नूतनीकरणाला गेले तेव्हा साहेब म्हणाले, म्हातारबा, आता वारसाच्या नावावर करा, नाहीतर जमा करा.

जमा करायचं नाव काढलं की आबांचा चेहरा उतरायचा. एकदा मला म्हणाले, "ज्या गावात माझ्या बापाला काठीबी खांद्यावर टाकून चालायची चोरी हुती, तितं सरकारनं माझ्या हातात बंदूक दिली. ती मी परत करू व्हय?" छप्पन सालानंतर आम्ही बौद्ध झालो, शिकलो, नोकऱ्या लागल्या, जमीन घेतली. पण आबांच्या लेखी या सगळ्यावरचं शिक्कामोर्तब म्हणजे ती बंदूक.

मग नाव कुणाचं? आमचे हे म्हणाले, मी सरकारी नोकर, मला ती भानगड नको. दिरांना हवी होती, फार हवी होती, म्हणूनच आबा द्यायला तयार नव्हते. तेव्हा मी चुलीपुढून उठून म्हणाले, "माझ्या नावावर करा. घरात दिवसरात्र मीच असते."

दीर हसले. "वहिनी पाल बघून पलंगावर चढत्यात."

"पलंगावर चढूनच नेम धरीन," मी म्हणाले.

सासूबाई निवडत असलेल्या मेथीतून मान वर न करता बोलल्या, "सकाळ-संध्याकाळ म्हणायचं जीव घेणार न्हाय, आन भिंतीवर नळकांडं टांगायचं. बुद्धमूर्तीच्या उजव्या अंगाला टांगणार का डाव्या?"

मी ऐकते कशाला. मला एकदा तोंड उघडलं की मिटायची सवय नव्हती. कचेऱ्यांच्या खेपा झाल्या, परवाना माझ्या नावावर झाला. आबांची जुनी नळी आतून खवले पडून निकामी झाली होती, म्हणून दुसरी घ्यायची मंजुरीही मिळाली. यांच्या कचेरीतल्या ओळखीनं कळलं की इंदापुरात एका तात्यांना आपल्या बंदुका विकायच्या आहेत.

तात्या मोठे बागायतदार. तरुणपणी माळावर तित्तर, ससे मारत हिंडलेले. पुढं शिकारीला कायद्यानं बंदी आली, आणि बंदुका कपाटात गेल्या. "आता नुसतं तेल पाजतो आन परत झोपवतो," असं ते म्हणाले. त्यांनी मला आणि आबांना खुर्च्या दिल्या. अशा घरांच्या उंबऱ्याबाहेर उभं राहून बोलायचे दिवस सासूबाईंनी भोगले होते, आणि मी इथं खुर्चीवर बसून बंदूक घ्यायला आले होते. माझी मान अशी ताठ झाली होती की चहा पिताना खाली वाकेना.

"कशाला पायजे, ताई?" तात्यांनी विचारलं.

"चोरासाठी."

"आन डुकरं?"

"ती आली तर तीपण."

"पाव्हणे आल्यागत सांगताय," तात्या म्हणाले आणि त्यांनी तिन्ही बंदुका बाजेवर मांडल्या.

पहिली एकनळी, आबांच्या जुनीसारखी. साधी, हलकी, एका वेळी एक बार. दुसरी बारा बोअरची दुनळी, लांब नळ्यांची, आणि तिच्या अंगावर ते तित्तर. तात्यांनी तिच्यावरून हात फिरवला. "ही उघड्या माळावरची. उडतं पाखरू हिच्या टप्प्यात यायचं. पर घरात हिला फिरवायला जागा लागती. घाईत दारातनं निघालात तर नळी चौकटीला अडकंल, आन तुमी आत ऱ्हाल." तिसरी वीस बोअरची, बारकी. तिचा लाकडी दस्ता कापून आखूड केलेला होता, तात्यांच्या मंडळींसाठी. "हिचा धक्का कमी. खांद्याला नीट बसती. बायामाणसाला ही बरी. तुमी ही न्या."

आता हा माणूस मला सरळ, खरं, उपयोगाचं सांगत होता. पण मला ऐकू काय आलं, तर यांना छोटीच पुरे. तुम्हाला. तुमच्यासारख्यांना. इतक्या वर्षांचं सगळं मी त्या एका बारक्या बंदुकीत ऐकलं.

"मोठी का न्हाय?" मी विचारलं.

"पेलायची न्हाय तुमाला."

"हीच घेणार," मी म्हणाले आणि दुनळी उचलली. दस्ता वर आला आणि नळ्या खाली गेल्या. खाली जाताना नळ्यांनी चहाचा कपही खाली नेला.

आबांना दिसत नव्हतं. "काय पडलं?" त्यांनी विचारलं.

"काय न्हाय," तात्या म्हणाले, "ताईंनी पयला बार काढला."

काडतुसं दुकानातून परवान्यावर घ्यायची होती, पण कुठली घ्यायची हे समजावं म्हणून तात्यांनी आपल्याजवळचे खोके उघडून दाखवले. एकावर चार लिहिलेलं, एकावर सहा, एकावर आठ. मी ठसक्यात आठवर बोट ठेवलं. "हे बरं. चारपेक्षा मोठं."

तात्यांनी आबांकडं पाहिलं, पण आबांकडं बघून काय उपयोग. "ताई, नंबर वाढला की छर्रा बारीक हुतो. आठ नंबर लावा पक्ष्यासाठी. लांबून चोराला लागलं तर त्यो घरी जाऊन आंघुळ करंल."

"मग सगळ्यात मोठं कुठलं?"

"एल. जी. मोजके दाणे, पर मोठे. ते डुकराचं." मग त्यांनी विचारलं, "घराच्या भिंती कशाच्या हायत?"

"बाहेरच्या दगडी. मधली पत्र्याची."

"पत्र्यापल्याड कोण निजतं?"

"सासूबाई."

"मंग चोराला आधी सांगा, बाबा, दगडाच्या भिंतीपुढं हुबा ऱ्हा."

आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मला हसू आलं नाही. बार चोराला लागून थांबत नाही, त्याच्यापलीकडं कोण आहे ते आधी बघायचं, हा सगळ्या बंदूकशास्त्राचा गाभा तात्यांनी मला फुकट सांगितला होता, आणि मी रुसून बसले होते. दुकानात जाऊन मी एल. जी.च घेतली.

ती एकदाच वाजवली. ऊसतोड झाल्यावर मोकळ्या रानात आबांनी मला बांधाकडं तोंड करून उभं केलं, दस्ता खांद्यात घट्ट दाबायला सांगितलं. मी साडी चुरगळायला नको म्हणून जरा सैल धरला. पुढचं मला आठवतं ते पाटातलं पाणी. खांदा निळा पडला आणि त्या हातानं मला कित्येक दिवस वेणी घालता आली नाही. तित्तर होते तिथंच बसलेले.

तरी तो दुखरा खांदासुद्धा मी मिरवला. खरा खोडा पुढं पडला.

घरात बंदूक आली म्हणून मी निर्धास्त होऊन एका हळदीला बारामतीला गेले. संध्याकाळी परतले तर पोलीस पाटील ओट्यावर बसलेले. दिरांनी कपाटाची किल्ली शोधून, दुनळी काढून मित्राच्या वरातीत नेली होती आणि दोन बार आभाळात सोडले होते. कुणाला लागलं नाही हे नशीब. पाटील भले माणूस. चहा पिऊन हळूच म्हणाले, "वहिनी, वाजवली कुणी का असंना, परवाना तुमच्या नावचा हाय. बेडी तुमच्याच हाताला यील. ती एकटी ठेवू नका."

त्या दिवसापासून किल्ली माझ्या कमरेला बांधली गेली आणि मी घराला. कुलूप फोडायला दिरांना वेळ लागला नसता हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. लग्नसराई आली की ते गोड बोलायला लागत. "वहिनी, जाऊन या की माहेरला, किती दिवस झालं." मी म्हणायची, "मला करमत न्हाय तितं." माहेर इंदापूरच्या अलीकडंच. आई वाट बघायची. आमचे हे म्हणायचे, खोलीवर ये चार दिवस, सिनेमा बघू. मी नाही म्हणायची. तोवर गिरणीत नवीन बोलवा सुटली होती, की चोर आता सोनं सोडून बंदुका नेतात. म्हणजे चोरापासून मला राखायला आणलेली वस्तू आता मीच चोरापासून राखत बसले होते. ऊस पुन्हा डोक्यावर गेला. मी दार लावून आत, बंदूक कपाटात आत, आणि बाहेर ती सळसळ. कधीकधी कपाटाकडं बघून वाटायचं, आमच्या दोघींत तिची खोली जास्त हवेशीर आहे.

ठाण्यात जमा करून टाकायची, असं कुणीही म्हणेल. पण संध्याकाळी आबा म्हणायचे, "जरा काढ बाय, हाताला लागू दे." मी ती त्यांच्या मांडीवर ठेवायची. ते नळ्यांवरून बोटं फिरवायचे, तित्तर चाचपायचे. त्यांच्या मांडीवरून ती उचलून ठाण्यात कुणी न्यावी?

माझी सुटका व्हायची ती निवडणुकीत. आचारसंहिता लागली की परवान्याच्या सगळ्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. मग आबांनाही बोलायला जागा नसायची. मी दुनळी देऊन पावती घ्यायची आणि तिथूनच माहेरची गाडी पकडायची. त्या दशकात दिल्लीतली सरकारं भराभर पडत होती. लोक चिंता करत होते, देशाचं काय होणार. मी रेडिओला कान लावून बसायची, की पडतंय का. एकदा बातमी लागली आणि मी खुशीत शिरा केला. सासूबाई म्हणाल्या, "कुणाचं सरकार आलं?" मी म्हणाले, "आलं न्हाय आत्या, पडलं."

आता लेकीचं सांगते, कारण या सगळ्याचं ओझं शेवटी तिच्यावर आलं.

लेक इंदापुरात शाळेवर शिकवायची, सासरही तिथलंच. लग्नानंतर काही वर्षांनी तिला दिवस राहिले. पहिलं बाळंतपण, माहेरी व्हायचं. मी डिंक आणला, दुपटी शिवली. ती एका रविवारी आली, कपाटाकडं बघितलं आणि म्हणाली, "आई, ज्या घरात हे हाय तितं मी लेकरू घेऊन राहायची न्हाय. काका कधी काय करतील सांगता येत न्हाय. मी तिकडंच दवाखान्यात नाव घालते. तूच ये."

"येते की," मी म्हणाले.

"कशी येशील? इलेक्शन हाय का?"

ती हसत नव्हती. "मला कळा सुटल्या की तू माझ्याजवळ पाहिजेस. बाकी मला काय नको. येशील ना?"

मी तिच्या डोक्यावर हात ठेवून हो म्हणाले. तिच्या दिवसांना अजून अवकाश होता. जायच्या आधी आठवडाभर आबांची समजूत घालू, बंदूक रीतसर जमा करू, असं मी रोज ठरवायची आणि रोज संध्याकाळी ती आबांच्या मांडीवर ठेवायची.

एका सकाळी शेजारच्या मळ्यातला माणूस फटफटीवर निरोप घेऊन आला. लेकीला पहाटेच कळा लागल्या, दवाखान्यात नेलंय, आई आई करतीय. माझ्या हातातलं पीठ तसंच राहिलं. दीर ओट्यावर दात घासत होते. त्यांच्या पुतण्याची, म्हणजे आमच्या चुलतघरातल्या पोराची, वरात त्याच संध्याकाळी होती. त्यांनी चूळ भरली आणि कपाटाकडं बघितलं. आमचं ठाणं उलट्या दिशेला. तिथं जाऊन कागद करत बसले तर दुपार.

तेव्हा मला ती भन्नाट युक्ती सुचली. जिथं परवानेदार, तिथं बंदूक. बरोबरच नेते.

मी तिचे दोन भाग सुटे करायला गेले, जमेना. आबा चाचपत आले, त्यांनी ती उघडून आत बोट घालून रिकामी आहे ना ते बघितलं, आणि आपलं पलटणीतलं कांबळं तिच्याभोवती गुंडाळून दिलं. काडतुसं घरात ठेवायची सोय नव्हती, ती मी बाळाच्या दुपट्यांच्या पिशवीत कोंबली.

बारामतीच्या स्टँडवर गाडी बदलली. इंदापूरच्या एसटीत खच्चून गर्दी. मी कांबळ्याचं लांबलचक गाठोडं कवटाळून वाटेत उभी. ते कुणाच्या पायाला लागे, कुणाच्या टोपीला. कंडक्टर म्हणाला, "मावशी, काय हाय त्यात? आडवं करा की."

मी खोटं बोलायच्या अवस्थेत नव्हते. "बंदूक हाय," म्हणाले.

अख्खी गाडी हसली. मागून कुणीतरी म्हणालं, "मावशीचं तिकीट काढू नका रं." एकानं उठून जागा दिली. "बसा बाई, आमाला पोरंबाळं हायत." मीही हसल्यासारखं केलं. गाडी प्रत्येक फाट्याला थांबत होती. दोन्ही बाजूंना ऊस, आणि मी त्या गाठोड्याच्या मागं. प्रत्येक थांब्याला मला लेकीचा आवाज ऐकू यायचा.

दवाखान्याच्या फाटकाशी आमचे हे उभे होते. "आलीस? चल वर, तुझंच नाव घेतीय," म्हणाले आणि त्यांचं लक्ष गाठोड्याकडं गेलं. आबांचं कांबळं ते ओळखायचे. "अगं, ही घेऊन आलीस?"

"तुम्ही धरा जरा. मी वर जाऊन येते."

ते दोन पावलं मागं सरकले. "मी? सरकारी नोकर, विनापरवाना? माझी नोकरी जाईल."

"मग मी घेऊन जाते वर."

आता वॉचमन पुढं आला. "बाई, भाजीची पिशवीबी तपासतो मी. बंदूक घिऊन बाळंतिणीच्या वॉर्डात?"

वर खिडकी उघडी होती. तिच्यातून लेकीचं विव्हळणं ऐकू येत होतं. आत जायचं तर ती हातात नको, आणि हातातून ठेवायची तर कुठं. मी त्या फाटकात बंदुकीसकट उभी. उसातसुद्धा मला असं कोंडल्यासारखं कधी वाटलं नव्हतं, आणि इथं तर चारी बाजू मोकळ्या होत्या.

मी वळले आणि विचारत विचारत पोलीस ठाण्यात गेले. टेबलावर कांबळं सोडलं. जमादार दचकून उठले. "काय झालं? कुणाला मारलं?"

"कुणाला न्हाय. जमा करायची हाय."

"निवडणूक लागली का?"

"न्हाय. लेक बाळंत व्हतीय."

त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं. तुमचं ठाणं हे नाही म्हणाले, मग माझ्याकडं बघून, बरं, घेतो म्हणाले. परवाना बघितला, नंबर ताडून पाहिला. "काडतुसं?" मी पिशवी उपडी केली. टेबलावर कुंची, दुपटी, डिंकाचे लाडू आणि एल. जी. जमादार एकेक वेगळं करत राहिले, फार सावकाश, फार काळजीनं. शेवटी त्यांनी लेखणी उचलली. "किती दिवसांसाठी?"

आबांची बोटं आठवली. पण खिडकीतला तो आवाजही कानातून जात नव्हता. "परत न्यायची न्हाय," मी म्हणाले. आबांना काय सांगायचं ते माझं मी बघणार होते.

मी रस्त्यानं पळाले. त्या वयात, काष्टा न खोचता, भर बाजारातून. फाटकाशी वॉचमननं माझे रिकामे हात बघितले आणि बाजूला झाला. जिन्यातच नर्स भेटली, मुलगी झाली म्हणाली, आत्ताच, आत्ताच की हो.

लेक भिंतीकडं तोंड करून पडली होती. शेजारी दुपट्यात एवढीशी गुंडाळी, कुणा दुसऱ्याच बाईनं दिलेल्या दुपट्यात. मी जाऊन तिच्या उशाशी बसले. ती वळली नाही. तशीच पडून तिनं विचारलं, "कुठं हाय ती?"

"ठाण्यात. कायमची दिली."

तिनं तोंड फिरवलं, माझ्याकडं नीट बघितलं. डोळे सुजलेले, केस कपाळाला चिकटलेले. आणि मग ती जे म्हणाली ते शब्दाला शब्द असं:

"ती द्यायला मी बाळंत व्हायचीच वाट बघत होतीस व्हय गं आई? आधी सांगितलं असतंस, तर लग्नाच्या आदल्या दिवशी झाले असते."